विमानतळांमधील अंतर आणि उड्डाणकाळ

दोन विमानतळांच्या संदर्भबिंदूंना पृथ्वीच्या पृष्ठभागावरून जोडणाऱ्या सर्वांत लहान मार्गाच्या लांबीस त्या विमानतळांमधील हवाई अंतर असे म्हणतात. एका विमानतळावरून निघून दुसऱ्या विमानतळावर पोहोचण्यास विमानाला लागणाऱ्या वेळेस उड्डाणकाळ म्हणतात. हवाई अंतर हे भूमितीने ठरते आणि ते बदलत नाही. उड्डाणकाळ मात्र विमानाचा प्रकार, प्रत्यक्ष उड्डाणमार्ग, वारा, धावपट्टीची दिशा आणि विमानतळावरील वर्दळ यांवर अवलंबून असल्याने रोज थोडाफार बदलतो. त्यामुळे अंतराला वेगाने भागून मिळालेले उत्तर आणि वेळापत्रकात छापलेला वेळ यांत नेहमीच फरक आढळतो. हा फरक लांबच्या मार्गांवर अल्प वाटतो. प्रादेशिक विमानतळांना जोडणाऱ्या लहान मार्गांवर मात्र तो एकूण वेळेचा मोठा हिस्सा असतो. लहान शहरांना विमानसेवेचा लाभ प्रत्यक्षात किती होतो, हे ठरविणाऱ्या घटकांपैकी हा एक महत्त्वाचा घटक आहे.

या लेखात उदाहरणादाखल महाराष्ट्रातील कोल्हापूर आणि नांदेड या दोन प्रादेशिक विमानतळांमधील अंतराचा विचार केला आहे.

अंतराचे प्रकार

प्रवासाच्या संदर्भात ‘अंतर’ हा शब्द किमान तीन निरनिराळ्या अर्थांनी वापरला जातो.

*हवाई अंतर* हे वर सांगितल्याप्रमाणे दोन बिंदूंमधील लघुतम अंतर होय. भाडे, अनुदान, इंधनाचा प्राथमिक अंदाज आणि आकडेवारी यांसाठी साधारणपणे याच अंतराचा आधार घेतला जातो.

*उड्डाणमार्गाचे अंतर* म्हणजे विमानाने प्रत्यक्ष कापलेले अंतर. विमाने आकाशात निश्चित केलेल्या मार्गबिंदूंवरून जातात. लष्करी वापरासाठी राखलेली क्षेत्रे, वादळी ढग आणि इतर विमानांची वाहतूक टाळण्यासाठी त्यांना वळसा घ्यावा लागतो. त्यामुळे हे अंतर हवाई अंतरापेक्षा नेहमी थोडे अधिक असते. क्वचित ते फार वाढते. फेब्रुवारी ते जुलै २०१९ या काळात पाकिस्तानचे हवाई क्षेत्र बंद असताना दिल्लीहून युरोप व अमेरिकेकडे जाणाऱ्या भारतीय विमानांना दक्षिणेकडून लांबचा वळसा घ्यावा लागला होता. त्या काळात दिल्ली आणि लंडन यांमधील हवाई अंतर बदलले नव्हते. उड्डाणमार्ग आणि उड्डाणकाळ बदलले होते.

*भूमार्गाचे अंतर* म्हणजे रस्त्याने अथवा लोहमार्गाने मोजलेले अंतर. घाट, नद्या, वस्त्या आणि जुन्या मार्गांची रचना यांमुळे ते हवाई अंतरापेक्षा अधिक असते. डोंगराळ प्रदेशात हा फरक मोठा, तर पठारी प्रदेशात कमी असतो.

बृहद्‌वृत्त आणि लघुतम मार्ग

पृथ्वीच्या केंद्रातून जाणाऱ्या प्रतलाने तिच्या पृष्ठभागावर जे वर्तुळ तयार होते, त्यास बृहद्‌वृत्त म्हणतात. विषुववृत्त हे बृहद्‌वृत्त आहे, तसेच समोरासमोरची दोन रेखावृत्ते मिळूनही एक बृहद्‌वृत्त होते. गोलावरील कोणत्याही दोन बिंदूंमधील लघुतम मार्ग हा त्या दोन्ही बिंदूंतून जाणाऱ्या बृहद्‌वृत्ताच्या लहान कंसावर असतो.

सपाट नकाशावर हा कंस बहुधा वक्र दिसतो. मुंबई आणि न्यू यॉर्क ही शहरे नकाशावर पट्टीने जोडल्यास रेषा उत्तर आफ्रिका व अटलांटिक महासागर यांवरून जाते. लघुतम मार्ग मात्र मध्य आशिया व रशियावरून वर चढत सुमारे ६५° उत्तर अक्षवृत्तापर्यंत, म्हणजे आर्क्टिक वृत्ताच्या निकट जातो आणि मग कॅनडाकडून खाली उतरतो. या मार्गाची लांबी सुमारे १२,५५० किलोमीटर आहे. नकाशावरील वक्र रेषा म्हणजे लांबचा मार्ग, हा समज त्यामुळे चुकीचा ठरतो.

विमान वाहतुकीत अंतर सागरी मैलात मोजण्याची प्रथा आहे. एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर. हे माप मुळात रेखावृत्तावरील एका मिनिटाच्या, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाच्या लांबीवरून घेतलेले आहे. दोन ठिकाणे एकाच रेखावृत्तावर असतील, तर त्यांच्या अक्षांशांतील फरक मिनिटांत मांडला की अंतर सागरी मैलांत जवळजवळ आपोआप मिळते.

पृथ्वी पूर्ण गोल नसून ध्रुवांजवळ किंचित चपटी आहे. तिची विषुववृत्तीय त्रिज्या सुमारे ६,३७८ किलोमीटर, तर ध्रुवीय त्रिज्या सुमारे ६,३५७ किलोमीटर आहे. सामान्य गणितासाठी ६,३७१ किलोमीटर ही सरासरी त्रिज्या पुरेशी असते. यातून येणारी चूक अर्ध्या टक्क्याच्या आसपास राहते.

अंतर अचूक काढायचे तर स्थानांचे अक्षांश-रेखांश अचूक माहीत असावे लागतात. भारतीय उपखंडात हे काम पद्धतशीरपणे सुरू झाले ते १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून आरंभिलेल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाने. त्याचे प्रवर्तक विल्यम लॅम्टन यांचे १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे निधन झाले. आज हेच काम कृत्रिम उपग्रहांच्या साहाय्याने होते आणि प्रत्येक विमानतळाचा संदर्भबिंदू अधिकृतपणे प्रसिद्ध केला जातो. हा संदर्भबिंदू साधारणतः धावपट्टीच्या मध्याजवळ असतो. विमानतळाचे अंतर आणि शहराचे अंतर यांत काही किलोमीटरांचा फरक पडतो तो यामुळेच.

उदाहरण : कोल्हापूर ते नांदेड

कोल्हापूरचा विमानतळ शहराजवळ उजळाईवाडी येथे आहे. त्याचे स्थान सुमारे १६.६६° उत्तर अक्षांश व ७४.२९° पूर्व रेखांश असे आहे. नांदेड येथील श्री गुरु गोविंद सिंगजी विमानतळाचे स्थान सुमारे १९.१८° उत्तर अक्षांश व ७७.३२° पूर्व रेखांश असे आहे. शीख धर्मीयांच्या गुरु-ता-गद्दी सोहळ्याच्या त्रिशताब्दीनिमित्त २००८ मध्ये या विमानतळाची पुनर्रचना करण्यात आली.

काहीशे किलोमीटरपर्यंतच्या अंतरासाठी पृथ्वीची वक्रता बाजूस ठेवून पायथागोरसच्या सिद्धान्ताने पुढीलप्रमाणे उत्तर काढता येते.

१. अक्षांशांतील फरक २.५२° आहे. या भागात अक्षांशाचा एक अंश सुमारे ११०.७ किलोमीटरचा असतो. म्हणून उत्तर-दक्षिण अंतर सुमारे २७९ किलोमीटर येते.

२. रेखांशांतील फरक ३.०३° आहे. विषुववृत्तावर रेखांशाचा एक अंश सुमारे १११.३ किलोमीटरचा असतो आणि ध्रुवाकडे जाताना तो आकसत शून्य होतो. १८° उत्तर अक्षवृत्ताच्या आसपास तो सुमारे १०६ किलोमीटर असतो. म्हणून पूर्व-पश्चिम अंतर सुमारे ३२१ किलोमीटर येते.

३. या दोन बाजूंच्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण सुमारे ४२५ किलोमीटर, म्हणजे सुमारे २३० सागरी मैल येतो.

गोलीय त्रिकोणमितीच्या सूत्राने काढलेले उत्तर यापासून एखाद्या किलोमीटरनेच वेगळे असते. अंतर हजारो किलोमीटर असेल तेव्हा मात्र ही सोपी रीत चालत नाही; तेथे गोलीय सूत्रच वापरावे लागते.

याच दोन शहरांना जोडणारा भूमार्ग सांगली, सोलापूर, तुळजापूर व लातूर यांवरून जातो. ही ठिकाणे योगायोगाने कोल्हापूर-नांदेड या सरळ रेषेच्या बरीच जवळ आहेत. त्यामुळे रस्त्याचे अंतर साडेचारशे किलोमीटरहून अधिक असले, तरी ते हवाई अंतरापेक्षा फार मोठे नाही.

उड्डाणकाळाचे घटक

वेळापत्रकात दिलेला वेळ हा विमान हवेत असण्याचा वेळ नसतो. उभ्या विमानाच्या चाकांना अडसर लावलेले असतात. ते काढून विमान हलल्यापासून गंतव्य विमानतळावर पुन्हा अडसर लावेपर्यंतच्या काळास विमान वाहतुकीत ‘ब्लॉक टाइम’ म्हणतात. वेळापत्रके याच काळावर आधारलेली असतात. त्याचे ढोबळमानाने पाच भाग पडतात : धावपट्टीपर्यंत जमिनीवरून जाणे, उड्डाण व चढण, स्थिर उंचीवरील प्रवास, उतरण व धावपट्टीकडे येणे, आणि उतरल्यावर वाहनतळापर्यंत जाणे.

यांपैकी फक्त तिसऱ्या भागात विमान आपल्या पूर्ण वेगाने जात असते. उरलेल्या भागांचा वेळ अंतराबरोबर फारसा वाढत वा घटत नाही. दोनशे किलोमीटर जायचे असो वा दोन हजार, विमानाला जमिनीवरून धावपट्टीपर्यंत जावेच लागते.

प्रादेशिक मार्गांवर प्रामुख्याने दोन प्रकारची विमाने वापरली जातात. एटीआर ७२ सारखी टर्बोप्रॉप विमाने ताशी सुमारे ५१० किलोमीटर वेगाने जातात आणि कमाल २५,००० फूट उंची गाठतात. जेट विमाने ताशी सुमारे ८०० किलोमीटर वा थोड्या अधिक वेगाने व बऱ्याच अधिक उंचीवरून जातात. ४२५ किलोमीटरच्या मार्गासाठी या दोहोंची तुलना पुढील कोष्टकात केली आहे. यातील पूर्ण वेगाचा काळ गणिताने काढलेला असून इतर आकडे समजण्याच्या सोयीसाठी गृहीत धरले आहेत.

| टप्पा | टर्बोप्रॉप (मिनिटे) | जेट (मिनिटे) |
|---|---|---|
| धावपट्टीपर्यंत जाणे | ८ | ८ |
| ४२५ किमी पूर्ण वेगाने गेल्यास | ५० | ३२ |
| चढण, उतरण व वळणे यांमुळे वाढणारा काळ | १० | १५ |
| उतरल्यावर वाहनतळापर्यंत | ४ | ४ |
| एकूण | ७२ | ५९ |

जेट विमानाचा वेग दीडपटीहून अधिक असूनही वाचलेला वेळ केवळ १३ मिनिटांचा आहे, असे कोष्टकावरून दिसते.

लहान मार्गांवर वेगाचा लाभ कमी का होतो

प्रवासी विमाने साधारणपणे तीन अंशांच्या उताराने खाली येतात. म्हणजे दर १,००० फूट उतरण्यासाठी त्यांना सुमारे ३ सागरी मैल पुढे जावे लागते. या हिशेबाने ३५,००० फुटांवरील जेट विमानाला उतरण्यास सुमारे १०५ सागरी मैल, म्हणजे सुमारे १९५ किलोमीटर अंतर लागते. चढण्यासाठीही जवळपास तितकेच अंतर खर्ची पडते. कोल्हापूर-नांदेडसारख्या ४२५ किलोमीटरच्या मार्गावर एवढ्या उंचीवर गेलेल्या विमानाला तेथे स्थिरपणे जाण्यास फारसे अंतर उरत नाही. म्हणून अशा मार्गांवर जेट विमानेही कमी उंचीवरून नेली जातात. हवा तेथे अधिक दाट असल्याने जेट इंजिनाचा इंधनखर्च वाढतो. याउलट २०,००० फुटांवरून जाणाऱ्या टर्बोप्रॉप विमानाला उतरण्यास सुमारे ११० किलोमीटर पुरतात. लहान मार्गांवर टर्बोप्रॉप विमाने का टिकून आहेत, याचे उत्तर या साध्या हिशेबात आहे.

धावपट्टीची दिशा हाही एक घटक आहे. विमान शक्यतो वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने झेप घेते व उतरते. धावपट्टीवर लिहिलेला क्रमांक तिच्या चुंबकीय दिशेचा अंशांतील दहावा भाग असतो. कोल्हापूरच्या धावपट्टीचे क्रमांक ०७ व २५ आहेत. म्हणजे तिची टोके सुमारे ७०° व २५०° या दिशांकडे आहेत. नांदेड हे कोल्हापूरच्या ईशान्येस, सुमारे ४९° दिशेला आहे. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा असताना विमानाने २५०° दिशेकडे झेप घेतली, तर त्याला नांदेडकडे वळण्यासाठी जवळजवळ उलट फिरावे लागते. नांदेडहून येणारे विमान मात्र त्याच दिवशी फारसे न वळता धावपट्टीवर येऊ शकते. एकाच मार्गाच्या जाण्या-येण्याच्या काळात काही मिनिटांचा फरक वाऱ्याचा वेग मोजण्यापूर्वीच पडतो तो असा.

वाऱ्याचा परिणाम

विमानाचा वेग हा भोवतालच्या हवेच्या सापेक्ष असतो. हवाच वाहत असेल, तर जमिनीच्या सापेक्ष वेग बदलतो. ताशी ५१० किलोमीटर वेगाच्या विमानाला ताशी ५० किलोमीटरचा वारा समोरून आला, तर ४२५ किलोमीटर जाण्यास ५० ऐवजी सुमारे ५५ मिनिटे लागतात. तोच वारा पाठीशी असेल, तर सुमारे साडेपंचेचाळीस मिनिटे पुरतात. जाताना झालेला तोटा येताना पूर्णपणे भरून निघत नाही. विमान विरुद्ध वाऱ्यात जास्त काळ आणि अनुकूल वाऱ्यात कमी काळ राहते, म्हणून एकूण फेरी वारा नसतानाच्या फेरीपेक्षा नेहमी थोडी लांबते. वरील उदाहरणात ही वाढ सुमारे एका मिनिटाची आहे. वारा ताशी १०० किलोमीटर असेल, तर ती सुमारे ४ मिनिटांची होते.

उंचावरील वेगवान पश्चिमी वाऱ्यांच्या झोतास जेट प्रवाह म्हणतात. हिवाळ्यात उत्तर भारतावरून असा प्रवाह जातो. उत्तर अटलांटिकवर त्याचा परिणाम सर्वांत ठळकपणे दिसतो. तेथे पूर्वेकडे जाणारी विमाने पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांपेक्षा लवकर पोहोचतात. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळामुळे प्रबळ झालेल्या वाऱ्यावर ब्रिटिश एअरवेजचे एक विमान न्यू यॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले होते. या मार्गावरील सामान्य काळ सहा तासांहून अधिक असतो.

वेळापत्रकातील राखीव वेळ

विमान कंपन्या वेळापत्रक ठरविताना संभाव्य विलंबासाठी काही मिनिटे जादा धरतात. मुंबई-दिल्ली हे हवाई अंतर सुमारे १,१४० किलोमीटर आहे. ताशी ८०० किलोमीटर वेगाने हे अंतर ८६ मिनिटांत कापले जाईल. वरील कोष्टकाप्रमाणे आणखी २७ मिनिटे मिळविली तरी दोन तास भरत नाहीत. वेळापत्रकात मात्र या मार्गासाठी दोन तासांहून अधिक वेळ दिलेला असतो. दोन्ही विमानतळ अतिशय गजबजलेले असल्याने उड्डाणासाठी रांगेत थांबणे आणि उतरण्यापूर्वी आकाशात घिरट्या घालणे, या गोष्टी त्यात आधीच गृहीत धरलेल्या असतात. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदत असल्याने त्या एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत, हेही एक कारण आहे. विमान नियोजित वेळेनंतर १५ मिनिटांच्या आत सुटले वा पोहोचले, तर ते वेळेवर असल्याचे मानण्याचा संकेत आहे.

लहान विमानतळावर ही गर्दी नसते. तेथे अडचण असते ती दुसऱ्या प्रकारची : विमानतळ मर्यादित तासच चालू असणे, रात्री उतरण्याची सोय नसणे किंवा कमी दृश्यमानतेत मार्गदर्शन करणारी उपकरणे नसणे. अशा ठिकाणी सकाळचे धुके वा पावसाळी ढग विमानाला तासभर रोखू शकतात.

स्थानिक घड्याळ

सुटण्याच्या आणि पोहोचण्याच्या वेळा नेहमी त्या त्या ठिकाणच्या प्रमाणवेळेनुसार दिल्या जातात. संपूर्ण भारतात ८२°३०' पूर्व रेखावृत्तावरील एकच प्रमाणवेळ असल्याने देशांतर्गत उड्डाणांत दोन वेळांची वजाबाकी केली की उड्डाणकाळ मिळतो. परदेशी उड्डाणांत असे करता येत नाही. मुंबईहून सकाळी १० वाजता निघून दुबईला तेथील घड्याळाप्रमाणे सकाळी ११.३० वाजता पोहोचणारे विमान दीड तास नव्हे, तर तीन तास प्रवास करते. कारण दुबईची वेळ भारतापेक्षा दीड तासाने मागे आहे.

इंधन आणि पर्यायी विमानतळ

विमानात भरले जाणारे इंधन केवळ गंतव्य स्थानापर्यंतच्या अंतरावर ठरत नाही. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार मार्गावरील इंधनाशिवाय आकस्मिक गरजेसाठीचे इंधन, गंतव्य विमानतळावर उतरणे अशक्य झाल्यास पर्यायी विमानतळापर्यंत जाण्याचे इंधन आणि त्यानंतर अंतिम राखीव साठा ठेवावा लागतो. टर्बाइन इंजिनाच्या विमानांसाठी हा अंतिम साठा ३० मिनिटे हवेत राहण्याइतका असतो. कोल्हापूरला उतरता आले नाही, तर बेळगाव सरळ रेषेत सुमारे ९५ किलोमीटरवर आहे. जवळचा सोयीचा विमानतळ जितका दूर, तितके जादा इंधन वाहून न्यावे लागते आणि तितकी प्रवासी वा सामान यांची क्षमता घटू शकते. उन्हाळ्यातील तप्त, विरळ हवेत आणि आखूड धावपट्टीवर ही मर्यादा अधिक जाणवते.

प्रवाशाला लागणारा एकूण वेळ

प्रवाशाच्या दृष्टीने प्रवास घरापासून सुरू होतो. बहुतेक देशांतर्गत उड्डाणांची नोंदणी विमान सुटण्यापूर्वी ४५ ते ६० मिनिटे बंद होते. त्यापूर्वी पोहोचणे, सुरक्षा तपासणी, उतरल्यावर सामान घेणे आणि शहरात जाणे हा सर्व काळ मिळून दोन-अडीच तासांचा होतो. कोल्हापूर-नांदेड थेट विमान धरले, तर तासाभराच्या उड्डाणासाठी एकूण सुमारे साडेतीन तास लागतील. रस्त्याने लागणाऱ्या पूर्ण दिवसाच्या तुलनेत ही बचत मोठी आहे.

थेट विमान नसेल, तर मात्र हिशेब पालटतो. मुंबईमार्गे गेल्यास कोल्हापूर-मुंबई सुमारे ३१० व मुंबई-नांदेड सुमारे ४६५, असे एकूण सुमारे ७७५ किलोमीटर हवाई अंतर होते. हैदराबादमार्गे ते सुमारे ४४५ आणि २४५ मिळून ६९० किलोमीटर होते. म्हणजे ४२५ किलोमीटरच्या अंतरासाठी अनुक्रमे सुमारे पावणेदोन पट व दीडपटीहून अधिक अंतर कापावे लागते. त्यात दोन उड्डाणांच्या मधल्या प्रतीक्षेची भर पडते. दोन विमाने वेगवेगळ्या कंपन्यांची असल्यास पहिल्याच्या विलंबाने दुसरे चुकण्याची जोखीम प्रवाशावरच असते. उपचारासाठी निघालेला रुग्ण, परीक्षेला वा मुलाखतीला जाणारा विद्यार्थी यांना अशा वेळी सहाशे किलोमीटर प्रतितास वेगाच्या विमानापेक्षा रात्रीची बस किंवा रेल्वे अधिक भरवशाची वाटते. महाराष्ट्रातील बहुतेक लहान विमानतळ एकमेकांशी जोडलेले नसून मोठ्या महानगरांशी जोडलेले असल्याने हा प्रश्न राज्यांतर्गत प्रवासात वारंवार उद्भवतो.

भारतातील प्रादेशिक विमानसेवा

लहान शहरांना परवडणाऱ्या दरात विमानसेवा मिळावी म्हणून भारत सरकारने २०१६ मध्ये ‘उडे देश का आम नागरिक’, संक्षेपाने ‘उडान’, ही योजना आखली. तिच्यातील पहिले विमान २७ एप्रिल २०१७ रोजी सिमला-दिल्ली मार्गावर सुटले. त्याच दिवशी नांदेड-हैदराबाद सेवेचाही शुभारंभ झाला. योजनेच्या आरंभी सुमारे ५०० किलोमीटरच्या, म्हणजे एका तासाच्या विमानप्रवासासाठी ठरावीक आसनांचे भाडे २,५०० रुपयांपर्यंत मर्यादित करण्यात आले. अन्य अंतरांसाठीची मर्यादा टप्प्याच्या लांबीनुसार ठरते. भाडे व खर्च यांतील तूट भरून काढण्यासाठी विमान कंपनीला तीन वर्षे अनुदान दिले जाते.

असे अनुदान आवश्यक का ठरते, हे उड्डाणकाळाच्या रचनेवरून समजते. विमानाचे इंधन चढताना सर्वाधिक वेगाने जळते. चाके, ब्रेक आणि हवाबंद सांगाडा यांची झीज मुख्यतः उड्डाणांच्या संख्येवर अवलंबून असते. उतरण्याचे शुल्क प्रत्येक वेळी द्यावे लागते. दिवसातील बराच वेळ विमान जमिनीवर उभे असते आणि त्या काळात उत्पन्न मिळत नाही. परिणामी लहान मार्गावर दर प्रवासी-किलोमीटर खर्च वाढतो, तर प्रवासी मात्र अंतर कमी म्हणून भाडेही कमी असावे अशी अपेक्षा करतो.

भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांच्या २०२३ मधील अहवालानुसार, योजनेच्या तिसऱ्या फेरीपर्यंत मंजूर झालेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्ग सुरूच होऊ शकले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ मार्गांपैकी केवळ ११२ मार्गांनी तीन वर्षांचा कालावधी पूर्ण केला. विमानतळांची अपुरी सिद्धता, योग्य आकाराच्या विमानांची टंचाई आणि मार्गांची आर्थिक अक्षमता ही त्यामागील प्रमुख कारणे होती. विमानतळ बांधल्याने अंतर कमी होत नाही. ते कमी होते नियमित सेवेने, हे या आकड्यांतून दिसून येते.

टोकाची उदाहरणे

नियमित विमानसेवांत जगातील सर्वांत लहान मार्ग स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटसमूहातील वेस्ट्रे व पापा वेस्ट्रे या बेटांमध्ये आहे. १९६७ पासून चालू असलेल्या या मार्गाचे अंतर सुमारे २.७ किलोमीटर असून लोगनएअर कंपनीच्या वेळापत्रकात त्यासाठी दोन मिनिटे दिलेली असतात. अनुकूल वाऱ्यात हे उड्डाण ५३ सेकंदांत पूर्ण झाल्याची नोंद आहे. बेटावरील शिक्षक, रुग्ण व इतर रहिवासी यांच्यासाठी ही सेवा चालविली जाते. याउलट सिंगापूर-न्यू यॉर्क मार्गाचे हवाई अंतर सुमारे १५,३०० किलोमीटर आहे आणि त्यास १८ तासांहून अधिक वेळ लागतो. पहिल्या मार्गावर विमान आपल्या पूर्ण वेगापर्यंत पोहोचतही नाही. दुसऱ्यावर चढण-उतरणीचा काळ नगण्य ठरतो. बहुतेक प्रादेशिक मार्ग या दोन टोकांच्या मध्ये, परंतु पहिल्या टोकाच्या अधिक जवळ असतात.

आकडे वाचताना

दोन विमानतळांमधील अंतराचा अथवा काळाचा आकडा वाचताना काही बाबी तपासून घेणे उपयुक्त ठरते. अंतर किलोमीटरमध्ये आहे की सागरी मैलांत. ते हवाई अंतर आहे की मधल्या थांब्यासह एकूण अंतर. काळ हवेतील आहे की ब्लॉक टाइम. आणि त्या मार्गावर थेट सेवा प्रत्यक्षात चालू आहे किंवा नाही. अंतर दर्शविणाऱ्या अनेक गणकयंत्रांत केवळ अक्षांश-रेखांश व एक ठरावीक वेग धरून उड्डाणकाळ काढलेला असतो. अशा मार्गावर एकही विमान जात नसले, तरी उत्तर मिळतेच. कोल्हापूर आणि नांदेड यांमधील पन्नास मिनिटे हे असेच एक उत्तर आहे : गणित म्हणून बरोबर, परंतु प्रवासाचे नियोजन करण्यास अपुरे.